प्राध्यापक व्हिटकम यांचे शेवटचे उत्तर

१

होशिनो-सानचे पत्र येऊन आठवडा होत आला होता आणि जयप्रकाश चौबळांनी त्याला अजून उत्तर दिले नव्हते.

पत्र एका पानाचे होते. इंग्रजीत, निळ्या शाईने, गिरवून काढल्यासारख्या अक्षरात. सुरुवातीला सेंदाईतली थंडी वाढेल, प्रकृतीला जपावे, अशी विनंती. आणि मग अगदी तळाशी, लिहिणारीलाच लाज वाटत असावी अशा बेताने, एक प्रश्न : 'सुट्टीच्या दिवसांत चिबा कुटुंबाची पेटी आपल्या घरी होती. तिला कोणाकोणाचा हात लागला आणि ती शेवटी कोणी बंद केली, हे आपण कृपा करून लेखी कळवाल का?'

प्रश्न साधा होता. अडचण एवढीच, की ती पेटी शेवटी बंद करणारा माणूस स्वतः जयप्रकाशच होते. आणि बंद करताना आत सगळी पत्रे होती की नव्हती, हे त्यांना आठवत नव्हते.

नगरच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून काम केले. कुठले पुस्तक कुठल्या फळीवर आहे, हे ते डोळे मिटून सांगत. पण ते नगरला. इथे, जपानात लेकीच्या घरी आल्यापासून, चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता आणि दात घासायच्या ब्रशवर त्यांनी एकदा दाढीचा साबण लावला होता. अशा माणसाने कोणाला काय लेखी द्यायचे?

पेटीतल्या एका हरवलेल्या पत्रासाठी त्यांनी घरातले प्रत्येक पुस्तक उलटे धरून झटकले होते. गादी उचलून पाहिली होती. स्वतःच्या कोटाचे अस्तरही चाचपले होते. पत्र नव्हते.

पलीकडच्या खोलीत विभा जागीच होती. तिने आज दिवसभरात चहाशिवाय काही घेतले नव्हते. "बाबा, पुढच्या बुधवारी संग्रहाच्या मंडळाची बैठक आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली होती. "तोवर पत्र मिळालं नाही तर ते पोलिसांत देणार. माझं कॉन्ट्रॅक्ट तर गेलंच. पण जुन्या कागदांच्या कामात एकदा चोर म्हणून नाव झालं ना, की जगात कुठेच कोणी पेटी उघडू देत नाही."

तिने 'तुम्ही आठवून बघा ना' असे एकदाही म्हटले नाही. जयप्रकाशांना तेच सोसत नव्हते.

२

ती पेटी अशी घरी आली होती :

सेंदाईतल्या एका जुन्या मिशन कॉलेजच्या संग्रहात विभा कंत्राटी संशोधक होती आणि होशिनो-सान, म्हणजे होशिनोबाई, तिच्या वरिष्ठ. गावाबाहेर राहणाऱ्या नव्वदीच्या चिबाबाईंनी आपल्या आजोबांची पत्रे संग्रहाला द्यायचे कबूल केले होते. आजोबा, शिनसाकु चिबा, तरुणपणी अमेरिकेला जाऊन एका लहानशा कॉलेजात धर्मशास्त्र शिकले. तिथले त्यांचे प्राध्यापक इझ्रा व्हिटकम त्यांना पुढे वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिले. विभा पेटी आणायला गेली त्या शुक्रवारी म्हाताऱ्या बाईंनी तिला जेवल्याशिवाय सोडले नाही. परत येईतो संग्रहाला कुलूप लागले होते, आणि पुढे तीन दिवस सुट्टी. पेटी घरी आणण्यावाचून इलाज नव्हता. तिने ती बैठकीतल्या उघड्या फळीवर ठेवली.

हलक्या लाकडाची पेटी, आत पांढऱ्या सुती रुमालात बांधलेला पत्रांचा गठ्ठा. सर्वांत वर शेवटचे पत्र.

त्या रात्री बापलेकींनी ती पत्रे चाळली. जयप्रकाशांना जुने इंग्रजी हस्ताक्षर वाचायची सवय होती. नगरला अमेरिकन मिशनऱ्यांचे कागद त्यांच्याच ताब्यात असत. एका पत्राच्या समासात शिनसाकुने स्वतः पाठवलेल्या प्रश्नाची नक्कल करून ठेवली होती. त्याची आई बाप्तिस्मा न घेता वारली होती. 'गुरुजी, तुमच्या शिकवणीप्रमाणे माझी आई आता कुठे आहे?'

त्यानंतरची व्हिटकम साहेबांची पत्रे वाचून जयप्रकाशांना कसेसेच झाले होते. कॉलेजची नवी इमारत, बायकोचा खोकला, सफरचंदांचे पीक, नवे विश्वस्त किती कडक आहेत, सगळे होते. त्या एका प्रश्नाला उत्तर नव्हते. आणि मग शेवटच्या पत्राची सुरुवात : 'प्रिय शिनसाकु, तुझ्या जुन्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, हे तू विसरला नसशील. मीही विसरलेलो नाही.' पुढे साहेबांनी कागद वाचवायला लिहिलेल्या ओळींवरच आडवे लिहिले होते. जाळ्यासारखे.

"राहू द्या बाबा, डोळे फोडू नका," विभा म्हणाली होती. "मंगळवारी स्कॅन करून मोठं करू. चिबाबाईंनाही तेवढंच ऐकायचंय. म्हणाल्या, आजोबांनी ते पत्र कधी कोणाला वाचू दिलं नाही. आता मी जायच्या आत कळू दे."

मंगळवारी होशिनो-सानसमोर पेटी उघडली तेव्हा तेच पत्र नव्हते. आणि रुमालाच्या कोपऱ्याजवळ एक तांबडा डाग होता, जो शुक्रवारी नव्हता.

होशिनो-सानने डाग पाहिला आणि आवाज न चढवता म्हटले, "शिक्क्याची शाई दिसते. जपानी माणूस कागद ताब्यात घेतला की शिक्का मारतो. चौबळ-सान, ही पेटी घरी कोणी पाहिली?"

त्या शनिवारी दसरा होता. घरी पाहुणा जेवायला होता. आणि त्या पाहुण्याच्या खिशात नवाकोरा शिक्का होता.

३

पाहुणा म्हणजे अंबरीष. पुण्याचा, विभाच्या कॉलेजातला मित्र, आता त्सुकुबाच्या एका संस्थेत. जपानमधल्या अमेरिकन मिशनऱ्यांवर तो पुस्तक लिहीत होता, आणि व्हिटकम साहेबांची पत्रे आधी कोणी छापायची यावरून त्याची आणि विभाची उन्हाळ्यात जुंपली होती. दसऱ्याला समेट म्हणून तो आला, आणि श्रीखंड खाता खाता आपल्या नावाचा नवा शिक्का तांबड्या लगद्यात बुडवून प्रत्येकाच्या हातरुमालावर उठवत बसला.

विभाने त्याला मंगळवारीच फोन केला होता. काय बोलली ते तिने सांगितले नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ बाथरूममधून बाहेर आली नव्हती.

जयप्रकाशांना अनोळखी माणसाला वेळ विचारायचीसुद्धा चोरी. पण आता गळ्याशी आले होते. त्यांनी आधी जावयाला गाठले.

रणजित खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. "बाबा, विचारा ना सरळ. मीच घेतलं का, असं ना?"

"तसं नव्हे हो..."

"तसंच. माझी टोकियोला बदली होतेय. जवळच उरायासुला घर बघितलंय, तिथे आपली माणसं आहेत, माझ्या आईलाही बरं. विभा नको म्हणते, तिचं काम इथे. तेव्हा तिचं काम गेलं तर कोणाचा फायदा? माझा." त्याने लॅपटॉप मिटला. "तिनेही परवा हेच विचारलं. माझ्या बायकोने. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? सकाळी आम्ही दोघं मिळून अंबरीषला स्टेशनवर आणायला गेलो, आलो तो जेवायलाच बसलो, आणि नंतर मी घोरत होतो. साक्षीदार तुम्हीच. तुम्ही म्हणालात, रणजितराव, शेजाऱ्यांचा फोन येईल आता."

हे मात्र जयप्रकाशांना स्वच्छ आठवत होते.

मग त्यांनी अंबरीषला फोन लावला. दोनदा कापला गेला. तिसऱ्यांदा आवाज आला. "काका, तुम्ही आहात म्हणून उचलला. चोर म्हणाली ती मला. अहो, मला पत्र हवं असतं तर फोटो काढला असता! आजकाल कागद कोण चोरतं?"

"फोटो काढलेत का?"

"पत्रांचे नाही. मला तिने पेटी दाखवलीच नाही, कुठे होती तेही माहीत नाही. जेवणाचे काढले, पूजेचे काढले. सगळे पाठवतो. बघा, कुठे माझा हात चोरीच्या मालावर दिसतो का ते."

फोटो आले. श्रीखंडाच्या वाट्या. हसणारा रणजित. आणि देवापुढे मांडलेला पाट, जो घरात शिरल्या शिरल्या अंबरीषने हौसेने टिपला होता. जयप्रकाशांनी ते सगळे नीट पाहिले. त्यांना काही दिसले नाही.

४

स्वयंपाकघरात वेगळेच युद्ध चालू होते.

रणजितच्या आई, सुचेताताई, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि रविवारी नाशिकला परत निघायच्या होत्या. आल्यापासून त्यांचे जपानशी एकच भांडण होते, ते कचऱ्याचे. इथे कचरा जळणारा, न जळणारा, बाटल्यांचा, कागदाचा असा वेगळा करून ठरल्या वारी ठेवायचा. त्यांना त्यातले 'मोएरु गोमी', म्हणजे जळणारा कचरा, एवढेच पाठ झाले होते, आणि त्याच शब्दाचा त्यांना राग होता.

"देवाची फुलं मोएरु गोमीत? मेले तरी घालायची नाही," त्या बॅगेत पिशवी कोंबत म्हणत होत्या. तांदळाच्या रिकाम्या पिशवीत वाळलेले निर्माल्य होते. इथल्या नदीत सोडायला बंदी, म्हणून तीन महिन्यांचे साठवून त्या गोदावरीला नेणार होत्या.

"आई, कस्टमवाल्याने विचारलं तर सांग, जपानी चहा आहे," रणजित आतून ओरडला. एरवी त्या चार शब्द सुनावत्या. आज त्यांनी नुसती पिशवी बॅगेत आणखी खाली ढकलली.

त्यांनी जयप्रकाशांना आमटीभात वाढला. "भाऊ, दोन घास खा. विभाही जेवत नाही, तुम्हीही जेवत नाही. मी कोणासाठी रांधू?" त्यांचाही आवाज गेले काही दिवस बसलेला होता. घरात कोणाचाच ठीक नव्हता, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

जयप्रकाशांचे हात हल्ली कापत. आमटीचा ओघळ सदऱ्याच्या बाहीवर आला. ते ओशाळून उठले, मोरीत गेले, आणि सुचेताताईंनी नाशिकहून आणलेली कपड्यांच्या साबणाची निळी वडी बाहीवर घासली.

पिवळा डाग त्यांच्या डोळ्यांदेखत तांबडा झाला.

यात नवल काही नव्हते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घराघरात माहीत असते. पण जयप्रकाश नळ सोडून तसेच उभे राहिले. पाणी वाहत राहिले.

मग ते विभाकडे गेले. "तो रुमाल कुठे आहे?"

"माझ्या बॅगेत. होशिनो-सान म्हणाल्या, डागाळलेला रुमाल चिबाबाईंना परत करणं बरं दिसत नाही, स्वच्छ करून आणा." ती कडवट हसली. "तेवढं तरी करते."

"थांब. धुऊ नकोस."

त्यांनी फ्रीजमधून लिंबाची फोड घेतली. विभाच्या टेबलावर रुमाल पसरला. त्या डागाच्या एका कडेला, अगदी कडेलाच, एक थेंब पिळला.

तांबडे होते तिथे हळूहळू पिवळे उमटले.

विभा टेबलावर वाकली. "ही शिक्क्याची शाई नाही."

"नाही. शाई तेलकट असते, तिला लिंबाने काही होत नाही. ही हळद आहे." जयप्रकाश खुर्चीत बसले. "अंबरीषला फोन कर. माफी माग. आणि मग मला थोडा वेळ एकटं बसू दे."

"बाबा, तुम्हाला कळलंय."

"कळलं असेल तर फार वाईट कळलंय."

५

ते आपल्या खोलीत जाऊन बसले. ही खोली उत्तरेकडची. वर्षभर तिच्यात उन्हाची तिरीप येत नसे, म्हणून गुडघ्यावर शाल.

दसऱ्याच्या दुपारी, जेवणानंतर, त्यांनी पेटी याच खोलीत आणली होती. रुमाल सोडला तेव्हा तो हाताला उबदार लागला होता. त्यांना वाटले होते, उन्हात ठेवलेला असेल. कसले ऊन? ना या खोलीत, ना त्या फळीवर. रुमाल नुकताच इस्त्री केलेला होता. म्हणजे त्याआधी धुतलेला. म्हणजे त्यांनी गाठ सोडण्यापूर्वीच कोणीतरी ती सोडली होती.

आता त्यांना आठवले. ते जाळ्यासारखे पत्र त्यांनी त्या दुपारी पाहिलेच नव्हते. वरच दुसरे पत्र होते, सफरचंदांचे, आणि तेच वाचता वाचता त्यांना झोप लागली. पत्र त्यांनी हरवले नव्हते. ते आधीच गेले होते.

हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही.

कारण पाहुणा जेवायच्या वेळी आला. पाहुण्याला परक्या घरात रुमाल धुऊन, इस्त्री करून ठेवता येत नाही. लेक-जावई सकाळी बाहेर होते. घरात दोघेच उरले, आणि त्यातला एक स्वतः जयप्रकाश, जे आंघोळीनंतर एरवी शब्दकोशात नाक खुपसून बसत. त्या दिवशी शब्दकोशही नव्हता, सुचेताताई पूजेला घेऊन गेल्या म्हणून ते नुसतेच बसले होते.

त्यांनी अंबरीषचा फोटो पुन्हा उघडला.

पाटावर रणजितचा लॅपटॉप, त्याला हळदकुंकू. जयप्रकाशांचा जाडजूड शब्दकोश, त्याला हळदकुंकू. सुचेताताईंची विळी, तिलाही. दसऱ्याला ज्याची त्याची हत्यारे पुजायची, तशी सगळी ओळीने. आणि ओळीच्या अगदी मध्ये, जिथे घरच्या सुनेची वस्तू असायला हवी, तिथे मोकळी जागा. जागा मोकळी, पण झेंडूचे फूल आणि अक्षता वाहिलेल्या. रिकाम्या लाकडाला कोणी फूल वाहत नाही.

तिथे काहीतरी होते आणि पूजा झाल्यावर घाईने उचलले होते.

जयप्रकाशांनी फोन पालथा ठेवला. उरला प्रश्न पत्राचा. दुसरे कोणी असते तर त्याने केव्हाच फाडून फेकले असते. पण ज्या कागदाची पूजा झाली तो कागद त्या बाई कचऱ्यात घालणार नाहीत. जाळणारही नाहीत. त्या एकच करतील. आणि त्यांची बॅग भरून झाली होती.

६

"सुचेताताई," ते दारात उभे राहून म्हणाले. शब्द नीट जुळेनात. "निर्माल्याची पिशवी... जरा बघू का?"

सुचेताताईंनी विचारले नाही कशाला. त्या बॅगेशेजारी जमिनीवर बसल्या.

"सुनेची विद्या म्हणून तिची ती पेटी ठेवली हो पाटावर," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी नाशिकला आली तेव्हा तिची पेन्सिल पुजली तर रणजित हसला, म्हणाला, डॉक्टरेट केलेल्या बाईची काय ही किंमत. म्हटलं, यंदा खरं काम पुजू. बांधून ठेवलेल्याची पूजा कशी करायची, म्हणून गाठ सोडली. वरच्या कागदाला ओलं बोट लावलं. हळद, कुंकू. वह्यांना लावतो तसंच. तर शाई फिसकटली, भाऊ. माझ्या बोटाखाली अक्षर विरघळलं. मी रुमालाने टिपायला गेले तर तोही माखला."

"आणि मग?"

"मग काय. रुमाल धुतला, इस्त्री मारली. वाटलं, एवढ्या कागदांत एक कोणाच्या लक्षात येतो? मंगळवारी ती रडत आली. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रणजित म्हणाला, ज्याने घेतलंय तो तुरुंगात जाईल, सगळ्यांचा व्हिसा जाईल. ते उघडलेलं तोंड मिटलं ते मिटलंच. रोज वाटायचं, आज सांगू. रोज आणखी अवघड व्हायचं."

पिशवीत, वाळक्या झेंडूच्या पाकळ्यांखाली, स्वच्छ पंच्यात गुंडाळून पत्र होते. वरचा मायना तांबूस-पिवळ्या डागात बुडाला होता. बाकीचा मजकूर शाबूत होता.

जयप्रकाश मागे वळले. दारात विभा उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"माझ्या कामाची पूजा करत होतात तुम्ही, आई?" ती म्हणाली. आणि मग तिचा तोल गेला. "मी अंबरीषला चोर म्हटलं! नवऱ्यावर संशय घेतला! बाबा स्वतःला वेडे समजायला लागले! आणि तुम्ही आमटीला फोडणी देत होतात!"

"मार मला," सुचेताताई म्हणाल्या. "पण बोल."

विभा आत आली. ती जमिनीवर, सासूपासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून बसली.

७

शुक्रवारी विभाने पत्र संग्रहात नेऊन दिले. होशिनो-सानने ते दोन्ही हातांनी घेतले, डाग पाहिला, आणि काय झाले ते विचारले नाही. "कागद तज्ज्ञाकडे पाठवू," त्या म्हणाल्या. "पण मंडळ विचारेल, हे कसं घडलं. तुमच्या वडिलांचं लेखी उत्तर आलं की मी ते पुढे ठेवेन. त्याशिवाय मला तुमच्या बाजूने बोलता येणार नाही." एवढे म्हणून त्यांनी पत्र स्कॅन केले आणि मोठी केलेली प्रत विभाच्या हाती दिली. चिबाबाईंना वाचून दाखवायची होती, आणि ते हस्ताक्षर लावणारे दुसरे कोणी नव्हते.

जयप्रकाशांनी दुपारभर भिंग घेऊन ते लावले. आडव्या ओळी, मग उभ्या ओळी. संध्याकाळी त्यांनी ते मराठीत मोठ्याने सांगितले. सुचेताताई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या.

"'तुझी आई कुठे आहे, हे मला माहीत नाही. हे एक वाक्य लिहायला मी इतकी वर्षे घाबरलो. विश्वस्तांनी मला काय शिकवायचे ते बजावले आहे, आणि मी तेच शिकवले, कारण मला माझी खुर्ची हवी होती. आपल्याला माहीत आहे असे जे म्हणतात, त्यांनाही माहीत नाही. पण जिने तुला बोट धरून चालवले, तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला मी देवाच्या नावानेही उभा राहणार नाही. हे कोणालाही वाचून दाखव. माझे नाव लपवू नकोस.'"

जयप्रकाशांनी भिंग खाली ठेवले. रणजित खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मग जयप्रकाश टेबलाशी बसले आणि होशिनो-सानला लिहायला लागले. पहिला मसुदा त्यांनी स्वतःवर घेतला : 'मी वृद्ध आहे, विसराळू आहे, वाचताना माझ्या हातून...' किती सोपे होते. सर्वांना पटलेही असते. त्यांनी तो फाडला. दुसऱ्यात लिहिले, 'आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून, श्रद्धेपोटी.'

"वाचा बघू, काय लिहिलंत," सुचेताताई म्हणाल्या.

त्यांनी वाचून दाखवले.

"वडीलधारी व्यक्ती कोण? तुम्हीही वडीलधारेच. त्या बाईला वाटेल तुम्हीच. माझं नाव घाला."

"अहो, पोलीस वगैरे... रविवारी तुमचं विमान आहे."

"विमान पुढे ढकलेन. बोलावलं तर जाऊन बसेन त्यांच्यापुढे. नाव घाला, भाऊ. त्या साहेबाने मरायच्या आधी घातलं, मी अजून जिवंत आहे."

"आणि माझंही," विभा म्हणाली. "पेटी मी उघड्या फळीवर ठेवली. घरात सांगितलं नाही, हात लावू नका म्हणून. तेही लिहा, बाबा. त्यांना तेच विचारायचंय खरं."

"त्याने तुझं कॉन्ट्रॅक्ट जाऊ शकतं."

"जाऊ शकतं." तिने सासूकडे पाहिले नाही, पण पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

जयप्रकाशांनी लिहिले. सुचेता आगाशे यांनी काय केले आणि का. विभा चौबळ यांनी काय केले नाही. अंबरीष यांचा यात काडीचा संबंध नाही. आणि शेवटी, पेटी मी बंद केली, तेव्हा पत्र आत नव्हते, हे मला आता नक्की आठवते. 'नक्की' हा शब्द लिहिताना त्यांची लेखणी जराशी थांबली, पण त्यांनी तो खोडला नाही. खाली सुचेताताईंनी देवनागरीत सही केली.

कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या कोंबिनी दुकानापाशी लाल टपालपेटी होती. थंडी पडली होती. सुचेताताई शालीवर शाल घेऊन बरोबर आल्या. पेटीला दोन तोंडे होती, दोन्हींवर जपानीत काहीतरी लिहिलेले. जयप्रकाश पाकीट हातात धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत राहिले.

"चुकीच्या तोंडात पडलं तर?"

"टाका हो कुठल्याही," सुचेताताई म्हणाल्या. "पोचायचं ते पोचेल."

त्यांनी डावीकडे टाकले. आत पाकीट पडल्याचा आवाज आला. तेव्हा सुचेताताईंनी त्यांचा कापणारा हात कोपराशी धरला आणि दोघे जण रस्ता ओलांडायला दिव्याची वाट बघत उभे राहिले.